डबीतले दोन थर

‘ती घटना आजही आठवते’ असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची रीत आहे. माझं उलटं आहे. ही घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, निवृत्तीनंतर तर जास्तच, आणि मला ते जमलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. कुणाचं नाव घेणार नाही. नावं घेण्यासारखी माणसंही नव्हती ती, साधी होती, आणि त्यांच्यातले काहीजण अजून सुरतेतच राहतात.

माझे वडील खानदेशातून सुरतेला गिरणीत कामाला आले. मी इथल्याच पालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, गुजरात पोलिसांत लागलो आणि इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झालो. बमरोलीचा भाग ज्या ठाण्याच्या हद्दीत येतो तिथे मी तेव्हा होतो. मागांचे कारखाने, त्यांना इथे ‘खातं’ म्हणतात, आणि त्यांना चिकटून कामगारांच्या खोल्या. चोऱ्या, मारामाऱ्या, दारूच्या धाडी, यात दिवस जायचा. मला एका गोष्टीचा फार अभिमान होता. समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत तो खरं बोलणार की खोटं हे मला कळतं, असं मी चारचौघांत सांगत असे. हाताखालची माणसं मान डोलवत. वरिष्ठापुढे कोण नाही म्हणणार?

त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. सरकारी हॉस्पिटलमधून वर्धी आली, म्हणजे पोलिसांना द्यायची खबर. मागावरचा एक कामगार, वय पस्तीसच्या आसपास, श्वास लागून दाखल. खिशात बंदी असलेलं वेपचं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट, सापडलंय, पोलिसांनी यावं. मी रायटरला म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या हवालदाराला जाणवाजोग नोंद करायला सांगितलं. गुन्हा ठरायच्या आधी जी नोंद होते तिला गुजरातेत जाणवाजोग म्हणतात. मग त्यालाच जीपमध्ये घेऊन निघालो.

कामगार ऑक्सिजनच्या मास्कखाली होता. डोळे उघडे, पण बोलायची ताकद नव्हती. जबाब देण्याच्या स्थितीत नाही, असा शेरा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला. निवासी डॉक्टर बाई होत्या, तरुण, दोन दिवस झोपल्या नसाव्यात अशा दिसत होत्या.

“एक्स-रेच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतायत,” त्या म्हणाल्या. “इन्फेक्शन समजून औषधं चालू केलीत, पण दाद देत नाहीये. ह्या यंत्रातून नेमकं काय ओढलं ते कळलं तर मला दिशा मिळेल. हे आमच्या लॅबला देता का?”

“मुद्देमाल आहे मॅडम. पोलिसांच्या प्रयोगशाळेत, एफएसएललाच जाईल.”

“तिथून उत्तर यायला किती दिवस लागतील?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

“मग निदान विकणाऱ्याला विचारा. लवकर विचारा,” त्या म्हणाल्या. “ह्याच्याकडे वेळ नाहीये.”

दोन पंच बोलावून पंचनामा केला. यंत्र म्हणजे जाड पेनासारखी बॅटरी, तिच्यावर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली काचेची बारीक टाकी. बॅटरीच्या बुडाशी एक छोटं चाक आणि त्यावर आकडे. चाक फिरवलं की व्होल्टेज कमी-जास्त होतं, व्होल्टेज वाढलं की आतला द्रव जास्त तापतो आणि धूर दाट येतो. चाक शेवटच्या, सगळ्यात मोठ्या आकड्यावर होतं. मी ते लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ लावायचा सोडून दिला. यंत्र पारदर्शक डबीत उभं ठेवलं, झाकणाला लाखेचं सील केलं आणि ठाण्यात माझ्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिलं.

कामगाराची बायको बाहेर व्हरांड्यात उभी होती. तिशीची, अंगानं बारीक, हातात टिफिनची पिशवी. मी खानदेशी आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती सरळ अहिराणीतच बोलली, “भाऊ, डॉक्टर म्हने पोलीस शोधी काढतीन. तुम्ही शोधी काढशात ना?”

“काढू ताई. यंत्र घेतलं कुठून?”

मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या दुकानातून, असं तिनं सांगितलं. दुकानाचा पत्ताही सांगितला. मला तेवढंच हवं होतं.

माझ्या बातमीदाराकडून मी खात्री करून घेतली. तो म्हणाला, हो साहेब, कव्हरांच्या मागच्या खोक्यात असतात, मागावरची माणसं नेतात. त्याच दुपारी धाड घातली. सात यंत्रं आणि सीलबंद बाटल्यांचं एक खोकं मिळालं. दुकानदार चाळिशीचा होता, सुरतेतच वाढलेला मराठी माणूस, मध्यमवर्गीय, वडील कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेले. बंदी असलेला माल साठवल्याचा गुन्हा तर जागेवरच सिद्ध होता. पण माझं लक्ष त्याहून मोठ्या गोष्टीकडे लागलं होतं. ह्यानं बाटलीत काहीतरी भेसळ केली, माणूस मरायला टेकला, आणि ते मी ह्याच्या तोंडून काढणार. त्या संध्याकाळपासूनच मी त्याला चौकशीला बसवलं.

खुर्चीत टेकायच्या आत मी त्याला खोटारडा ठरवून टाकलं होतं. घामाघूम झालेला माणूस होता, त्याला पाहून आणखी काय वाटणार.

“काय मिसळलं होतंस?”

“साहेब, बाटली सीलपॅक देतो मी. मी आत काय घालणार?”

“तो कामगार तुझ्याकडून घेऊन गेला की नाही?”

“गेला. पण साहेब, इतकं पारखून लोक फ्रिजसुद्धा घेत नाहीत. तीन वेळा आला होता. पहिल्या वेळी विचारलं, शर्टाच्या खिशात मावेल का. खात्यात तंतू उडतात, बिडी-माचिस गेटवरच काढून घेतात, माग सोडून बाहेर गेलं तर कापड बिघडतं आणि शेठ ओरडतो. दुसऱ्या वेळी विचारलं, बारा तासांच्या पाळीला एक चार्ज पुरेल का, मोबाईलच्या चार्जरवर चालेल का. तिसऱ्या वेळी सगळ्यात स्वस्त यंत्र दाखवलं तर म्हणाला, ह्याला चाक नाही. मला चाकाचंच पाहिजे.”

“चाकाचंच का?”

“म्हणाला, दर आठवड्याला एक आकडा खाली आणीन आणि दोन-तीन महिन्यांत सोडून देईन. बायकोला शब्द दिलाय म्हणाला. साहेब, असं गिऱ्हाईक मी तरी पाहिलं नव्हतं.”

सगळं प्रकरण त्या माणसानं माझ्या टेबलावर मांडलं होतं. सोडायच्या मार्गाला लागलेल्या माणसाचं चाक शेवटच्या आकड्यावर कसं, हा प्रश्न कुठल्याही नवख्या शिपायाला पडला असता. मला नाही पडला. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, “गोष्टी सांगू नकोस.”

घाबरला की तो गुजरातीत जायचा. “मारो कोई वांक नथी, साहेब. माझी काही चूक नाही.” हे तो रात्री उशिरापर्यंत म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी कामगाराची बायको ठाण्यात येऊन बसली. हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांना दिवसातून दोनदाच आत सोडत. उरलेला वेळ ती आमच्या बाकावर काढायची. मी आत-बाहेर जाताना दिसलो की उठून उभी राहायची आणि विचारायची, “सापडनं का भाऊ?” मी म्हणायचो, सापडेल, बसा. एकदा मी दुकानदाराच्या चौकशीतून पाणी प्यायला बाहेर आलो, तर ती जवळ आली.

“भाऊ, ते यंत्र रोज मीच भरी देस. त्या बाटलीम्हा मी...”

“ताई, बाटलीत काय आहे ते मी त्याच्याकडून काढतोय. तुम्ही बसा. चहा घेतलात का?”

रायटरला तिच्यासाठी चहा सांगितला आणि आत गेलो. मला वाटलं, मी फार सौजन्यानं वागलो. बाईमाणूस आहे, घाबरलेली आहे, तिला यंत्राबिंत्रातलं काय कळणार, हे माझ्या डोक्यात होतं. खोटं कशाला बोलू, तेच होतं.

त्या संध्याकाळी दुकानदार मोडला. मी त्याच्या अंगाला हात लावला नाही, पण हात न लावता माणसाला कसं मोडायचं हे आम्हाला नोकरी शिकवते. त्याला उभं ठेवलं, तोच प्रश्न शंभरदा विचारला आणि शेवटी उत्तरही मीच पुरवलं. “थिनर मिसळलंस ना? बोल, थिनर ना?” तो खाली बसला आणि म्हणाला, “हो साहेब, थिनर. लिहा.” मी विजयी माणसासारखा फोन उचलला आणि डॉक्टरांना सांगितलं की थिनर आहे, विकणाऱ्यानं कबूल केलंय. त्यांनी दोनदा विचारलं, “नक्की?” मी म्हणालो, “शंभर टक्के.” त्यांनी त्याप्रमाणे कागदावर लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मुद्देमाल एफएसएलला पाठवायचा होता. पार्सल बांधायला रायटरनं कपाटावरची डबी उचलली आणि तो खिडकीपाशीच थबकला.

“साहेब, हे जरा बघा.”

डबीत यंत्र दोन दिवस उभं होतं, कुणी हलवलं नव्हतं. काचेच्या टाकीतल्या द्रवाचे दोन थर झाले होते. खाली पिवळसर, वर पाण्यासारखा स्वच्छ. रायटरनं डबी तिरकी केली. वरचा थर काचेला धरून हळूहळू सरकला.

“थिनर असं चिकटत नाही साहेब,” तो म्हणाला. “हे तेल आहे.”

दुकानातून जप्त केलेल्या बाटल्या मी उन्हात धरून पाहिल्या. सगळ्या एकसारख्या पिवळसर, थर कुठेच नाही. म्हणजे तेल दुकानाबाहेर कुणीतरी घातलं होतं. कामगार दिवसभर यंत्र खिशात घेऊन मागांमध्ये उभा असायचा, तिथे जमीनसुद्धा थरथरते. ढवळलेलं तेल त्याला वेगळं कधी दिसलंच नसणार. आमच्या कपाटावर ते पहिल्यांदा शांत बसलं होतं.

मी बाहेर गेलो. ती बाकावर होती. उठायला लागली तसं मी तिला हातानं बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या शेजारी बाकावर बसलो.

“ताई, तुम्ही काल काय सांगत होतात?”

तिनं सांगितलं. लपवायचं काही नव्हतंच तिच्याकडे. घरी ती साड्यांना फॉल लावायचं काम करते. नवऱ्यानं चाक खाली आणायचा शब्द दिला होता, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी तो आकडा लिहायचा. चार रविवार आकडा उतरला आणि मग लिहिणं थांबलं. तिनं विचारलं तर तो चिडायचा. तेव्हा तिनं ठरवलं की आपणच गुपचूप मदत करायची. यंत्र भरायचं काम तिच्याकडेच होतं. बाटलीतलं औषध, म्हणजे तो निकोटीनचा द्रव, थोडं कमी करायचं आणि त्यात दुसरं काही भरायचं, म्हणजे त्याला न कळता सवय सुटेल. बाळाचं दूध असंच पातळ करत सोडवतात, असं ती म्हणाली.

“दुसरं काही म्हणजे काय?”

“पानी टाकी पाहं पहिले. तडतड करे ते, उडे तोंडावर. तेल तडतडत नही ना भाऊ? म्हनीसन मशीननं तेल टाकं.”

शिलाई मशीनचं तेल. पांढरं, बिनवासाचं. रोज तिच्या बोटांना लागायचं, साडीला डाग पडत नाही म्हणून ती मुद्दाम तेच घ्यायची. स्वयंपाक करणारी बाई पाणी आणि तेल याबद्दल जे जाणते, त्याच जाणतेपणानं तिनं ते निवडलं होतं. आधी थोडं, मग निम्मं.

आणि तो? औषध पातळ झालं तशी त्याची तलफ भागेना. आपणच कमजोर आहोत असं त्याला वाटलं असणार. त्यानं चाक वर नेलं, एक आकडा, मग आणखी एक, आणि लाजेनं कॅलेंडरवर लिहिणं सोडून दिलं. जितकं ती तेल वाढवत गेली तितकं तो ते तापवत गेला. दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि दोघंही ती एकमेकांपासून लपवत होते.

मी तिला हे काहीच सांगितलं नाही. गरजच पडली नाही. सांगता सांगता ती थांबली, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला वाटतं माझा चेहरा तिनं वाचला. माणसं वाचायची विद्या माझ्याकडे नव्हती, तिच्याकडे होती.

“मनामुये?” तिनं विचारलं. माझ्यामुळे?

मी उठलो आणि डॉक्टरांना फोन केला. शिलाई मशीनचं तेल आहे, असं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “तेल? तुम्ही तर थिनर म्हणाला होतात.”

त्यांनी औषधं बदलली, फुप्फुसं धुवायचा विचार केला, पण तोवर तो तेवढं सोसण्याच्या पलीकडे गेला होता. दोन दिवसांनी दुपारी तो गेला. मी हॉस्पिटलमध्येच होतो. कागदपत्रं झाल्यावर मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, “पहिल्या दिवशी कळलं असतं तर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कदाचित,” म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मृत्यूची नोंद अपघाती झाली. त्या बाईचा हेतू वाईट नव्हता, हे वरिष्ठांनाही पटलं. तिच्यावर गुन्हा दाखल करण्यात कुणालाच रस नव्हता. दुकानदाराचा थिनरचा कबुलीजबाब मी कागदांतून बाजूला केला, बंदी असलेला माल साठवल्याचं आरोपपत्र तेवढं गेलं. तपास जलद लावला म्हणून मला शाबासकीचं पत्र मिळालं. ते ट्रंकेत कुठेतरी असेल. कुणाला दाखवायचं धाडस झालं नाही. ते दुकान अजून आहे. आता तिथे कव्हरांच्या मागे काय असतं ते मी पाहायला जात नाही.

निवृत्तीनंतर एकदा बमरोलीत कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलो होतो. परतताना तिच्या गल्लीतून आलो. मुद्दाम आलो, हे कबूल करतो. दार उघडं होतं, ती मशीनवर बसली होती. मशीन असं किरकिरत होतं की दारातूनच माझे दात शिरशिरले. त्या दिवसापासून तिनं मशीनला तेल घातलं नव्हतं. हे मला दारात उभ्या शेजारणीकडून कळलं; ती म्हणाली, किती सांगितलं, ऐकत नाही, पायाचं पार दुखणं करून घेतलंय.

तिनं मला ओळखलं. खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, शेजारी जुनंच कॅलेंडर. त्यावरचे चार आकडे पेन्सिलीचे, पुसट.

“भाऊ,” ती चहा पुढे करत म्हणाली, “तुमनी त्या येळे कितली पयापय व्हयनी. मना मालकसाठे कोनी इतकं करं नही.”

माझे आभार मानत होती ती. माझ्या पळापळीबद्दल.

“जे व्हयनं ते मी एकलीनी करं,” ती म्हणाली. “तुमना काय दोष?”

अशा लेखाच्या शेवटी, या प्रकरणानं काय शिकवलं, असं लिहायचं असतं. मला त्यानं काही शिकवलं असेल तर एवढंच, की ज्याला उत्तर माहीत असतं तो बहुतेक वेळा बाहेर बाकावर बसलेला असतो, आणि आपण आत दार लावून ओरडत असतो. हे कळून आता कुणाचा उपयोग नाही. नव्या पोलिसांना व्याख्यान द्यायला मला बोलावतात तेव्हा मी हे सांगत नाही. पंचनामा कसा लिहावा ते सांगतो.

खरं तर त्या खोलीत मला एक वाक्य बोलता आलं असतं. ताई, तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगायला आला होतात, मी ऐकलं नाही, आणि मी डॉक्टरांना भलतंच सांगितलं. तेवढं बोललो असतो तर त्या ओझ्यातलं निम्मं तिच्या डोक्यावरून उतरलं असतं. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मशीनच्या टेबलावर अर्धवट शिवलेला फॉल होता, मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

मी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि ती जे म्हणाली ते तसंच राहू दिलं.